फायर स्टेशनच्या नव्या चॅपलेनला पत्र

प्रिय चिरंजीव,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

अमेरिकेतील तुझ्या शहराच्या अग्निशमन दलाने तुला चॅपलेन, म्हणजे जवानांना आणि त्यांच्या कुटुंबांना आध्यात्मिक आधार देणारा पाळक, म्हणून नेमले, हे वाचून मनापासून आनंद झाला. दुर्घटनेच्या जागी पोहोचल्यावर आधी काय करावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ही सेवा त्याच्या कितीतरी आधी, फायर स्टेशनच्या स्वयंपाकघरात सुरू होते. चोवीस तासांच्या पाळीत जवान तिथेच रांधतात आणि एकत्र जेवतात. त्यांच्याबरोबर भांडी घासायला उभा राहा, त्यांच्या मुलांची नावे लक्षात ठेव आणि काही घडलेले नसतानाही जात राहा. न्यूयॉर्कच्या दलाचे चॅपलेन फादर मायकल जज ज्या फ्रान्सिस्कन मठात राहत, त्याच्या समोरच फायर स्टेशन होते, आणि तिथल्या जवानांना ते घरचेच वाटत. 11 सप्टेंबर 2001 रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील हल्ल्यात दलाचे जे 343 जण मृत्युमुखी पडले, त्यांत तेही होते. त्यांचा देह जवळच्या सेंट पीटर चर्चमध्ये नेऊन वेदीपुढे ठेवण्यात आला.

घटनास्थळी गेलास की प्रथम तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याकडे हजेरी लाव आणि त्याने सांगितल्याशिवाय धोक्याच्या हद्दीत पाऊल टाकू नकोस, कारण तुला शोधण्यासाठी एखाद्या जवानाला आत जावे लागले, तर ती सेवा नव्हे. बाहेर आलेल्याच्या हाती पाणी दे, शेजारी बस, काय पाहिलेस असे विचारू नकोस. लहान मूल दगावले असेल त्या दिवशी तर ‘देवाची इच्छा’ हे शब्द ओठांवर येऊच देऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. आप्तांना निरोप सांगायची वेळ आली, तर अधिकाऱ्याला बरोबर घेऊन स्वतः घरी जा आणि मृत्यू झाला आहे असे सरळ सांग. आडवळणाने बोललास, तर ते लोक उगाच आशेवर राहतात.

दलात सर्व धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारेही असतील. प्रार्थना मागितली तर अवश्य कर, पण कोणाच्या दुःखाचा उपयोग धर्मप्रसारासाठी होता कामा नये. ऐकलेले पोटात ठेव; मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसल्यास आपण गप्प बसणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाक. अंत्यविधीनंतर दोन-तीन महिन्यांनी, बाकीचे लोक आपापल्या कामाला लागलेले असतात तेव्हा, त्या कुटुंबाला आणि त्या पाळीतल्या जवानांना आठवणीने फोन कर.

तुझे मन मोकळे करण्यासाठी दलाबाहेरचा एखादा वडीलधारा पाळक आताच पाहून ठेव.

तुझा,
एक वृद्ध सहसेवक