'वावर' जाणवतो की 'भास' होतो?

आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, सातवीतल्या एका मुलाने निबंधात 'आजोबा वारल्यापासून आजीला घरात त्यांचा वावर जाणवतो' असे लिहिले, तेव्हा त्यांनी 'वावर जाणवतो' खोडून 'भास होतो' अशी दुरुस्ती केली आणि मुलगा हिरमुसला. ही दुरुस्ती योग्य होती का? आणि आपण शेताला म्हणतो ते वावर आणि हा वावर एकच का?

दुसरा प्रश्न लवकर आटपतो. शेत या अर्थाचे 'वावर' नपुंसकलिंगी आहे: ते वावर, ती वावरं. घरातला 'वावर' पुल्लिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन कुणी करत नाही. वावरणे म्हणजे हिंडणेफिरणे, कामात असणे; माणूस दिवसभर जिथे वावरतो ते वावर, हा दुवा मला तरी पटतो. आजींच्या तोंडचे मूळ वाक्य बहुधा 'बुढा अजून घरात वावरते' असे असेल, आणि नातवाने त्याचे शाळेच्या भाषेत चांगले रूपांतर केले आहे.

आता 'भास'. संस्कृत 'भास्' या धातूचा अर्थ प्रकाशणे, दिसणे. त्यात खोटेपणा मुळात नाही, आणि 'तो थकलेला भासला' या वाक्यात तो आजही नसतो. 'भास' या नामाला मात्र तो चिकटला आहे. 'भास झाला' हे आपण दिवा लावल्यावर, कोपरा रिकामा असल्याची खात्री झाल्यावर म्हणतो. अंधारात उभे असताना 'मला आत्ता भास होतो आहे' असे सहसा कुणी म्हणत नाही. म्हणजे 'भास' हा अनुभवाचे वर्णन करणारा शब्द नसून त्यावर नंतर दिलेला निकाल आहे. 'चाहूल' इथे चालली असती का? तिला काहीतरी खूण लागते, पावलांची किंवा पाचोळ्याची, आणि ती येणाऱ्याची असते. म्हणूनच पावसाळ्याची चाहूल लागते. आधीपासून घरात असलेल्याची चाहूल लागत नाही, त्याचा वावर असतो.

लहानपणी हरभऱ्याच्या जागलीला काकाजींबरोबर वावरात गेलो होतो. डुकरे आणि रोही पिटाळायला रात्रभर जागायचे, शेजारच्या धुऱ्यापलीकडे तुरीच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळत असायच्या. पहाटेच्या सुमारास माझ्या अगदी पाठीशी कुणीतरी उभे आहे, आणि मी सरकलो की तेही सरकते आहे, असे मला स्पष्ट जाणवले. आवाज नाही, आकृती नाही, फक्त असणे. काकाजींना सांगितले तर म्हणाले, "कोनी नाही, वारा हाय. पन मांगं पाहू नको."

'मी सरकलो की तेही सरकते' ही बाब मला तेव्हा सर्वांत भीतिदायक वाटली होती, आणि मेंदूच्या अभ्यासात नेमकी तीच महत्त्वाची ठरली आहे. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका तरुण स्त्री-रुग्णाच्या मेंदूची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करताना, डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला. तेव्हा तिला आपल्या पाठीमागे एक सावलीसारखी व्यक्ती जाणवू लागली. ती निजली तर ती व्यक्तीही निजलेली, ती गुडघ्यांना मिठी घालून बसली तर ती व्यक्तीही बसून तिला विळखा घालणारी. हे निरीक्षण 2006 साली प्रसिद्ध झाले. 2014 साली त्याच गटाने निरोगी माणसांवर केलेला प्रयोग मांडला. डोळे बांधलेला माणूस पुढे हात हलवायचा आणि मागचे यंत्र त्याच हालचालीने त्याच्या पाठीला स्पर्श करायचे. स्पर्श लगेच झाला तर आपणच आपल्या पाठीला हात लावतो आहोत असे वाटे. अर्धा सेकंद उशिरा झाला की काहींना मागे कुणी आहे असे वाटू लागे.

आपला देह कुठे आहे आणि काय करतो आहे याचा हिशोब मेंदू क्षणोक्षणी ठेवत असतो, आणि तो हिशोब जुळला नाही की आपलीच हालचाल दुसऱ्याच्या नावे मांडली जाते. जागरण, अंधार, थंडी आणि थकवा त्याला हातभार लावत असावेत. 1916 साली दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाचे डोंगर ओलांडताना ध्रुवप्रवासी शॅकल्टन आणि त्याच्या दोन सोबत्यांना आपल्याबरोबर चौथा कुणी चालतो आहे असे वाटत राहिले होते. तिथे तर तुरीच्या शेंगाही नव्हत्या. या अर्थाने पाहिले तर 'वावर' हा शब्द फारच नेमका बसतो, कारण जाणवतो तो वावर खराच असतो, फक्त तो आपला स्वतःचा असतो.

आजींची गोष्ट थोडी वेगळी आहे. पन्नास वर्षे ज्याच्या खोकल्यावर आणि चपलांच्या आवाजावर दिवस बेतला, त्याची अपेक्षा मेंदू तेराव्यानंतर लगेच सोडून देत नाही. वेल्समधले डॉक्टर रीस यांनी 1971 साली 293 विधवा-विधुरांच्या मुलाखतींवरून लिहिले की, जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा असा काही ना काही अनुभव आला होता. अनेकांना त्याचा आधारच वाटला होता, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितले नव्हते.

म्हणून बाईंना माझी विनंती अशी की, खोडलेला शब्द परत लिहावा. 'घरात आजोबांचा वावर आहे' असे मुलाने लिहिले असते तर विज्ञानाच्या तासाला त्यावर बोलता आले असते. त्याने 'जाणवतो' लिहिले आहे, आणि ते क्रियापद आजींच्या मनात काय होते एवढेच सांगते, घरात कोण आहे याविषयी काहीही सांगत नाही.