ना-नफा तत्त्वावरचा लोकसंगीत महोत्सव वर्षानुवर्षे कसा टिकवावा?

आपण लिहिले आहे की पहिल्या वर्षी मैदान भरले, दुसऱ्या वर्षी जास्त कलाकार आणि दुसरा मंच असूनही तूट आली, आणि आता तिसरे वर्ष करावे की नाही यावरून समितीत दोन तट पडले आहेत. त्यावर उपाय म्हणून मोठा प्रायोजक कसा मिळवावा, असा आपला प्रश्न आहे. अशाच एका महोत्सवाच्या कामात मी 14 वर्षे आहे आणि त्यांपैकी 6 वर्षे खजिनदार होते, त्यामुळे माझे उत्तर थोडे हिशेबाच्या वहीतून येईल. प्रायोजकाकडे मी शेवटी वळेन. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर आपल्या समितीने शोधायला हवे: ज्या वर्षी ऐन संध्याकाळी पाऊस येईल, मुख्य गायक आजारी पडेल किंवा मंजूर झालेले अनुदान लांबेल, त्या वर्षीचा खर्च कोठून भागवायचा? माझ्या मते अंदाजपत्रकाची सुरुवात येथून करावी. मागील वर्षीच्या गर्दीवरून करू नये.

‘ना-नफा’ या शब्दाचा अर्थ आमच्या पहिल्या समितीने चुकीचा लावला होता. वर्षअखेर शिल्लक शून्य यावी यात आम्हाला एक नैतिक समाधान वाटे. थोडे पैसे उरतील असे दिसले की आणखी एक पथक बोलवायचे, मंडपाची सजावट वाढवायची आणि ताळेबंद बरोबर शून्यावर आणायचा. वास्तविक ना-नफा संस्थेला शिल्लक ठेवण्याची मनाई नसते. मनाई असते ती शिल्लक सभासदांनी किंवा विश्वस्तांनी वाटून घेण्याची. उरलेला पैसा संस्थेच्या उद्दिष्टासाठी राखून ठेवणे हा काटकसरीचा भाग आहे, आणि अनेक देणगीदार तर ज्या संस्थेकडे राखीव निधी आहे तिलाच अधिक विश्वासाने देणगी देतात. हे समजायला आम्हाला पाचव्या वर्षीचा पाऊस लागला.

त्या वर्षी दुसऱ्या रात्री वादळ आले. मंचाचे छत टिकेल की नाही याविषयी ध्वनितंत्रज्ञांना शंका होती, प्रेक्षक उठायला तयार नव्हते आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा हे कोठेही लिहिलेले नव्हते. अध्यक्ष मंचव्यवस्थापकाकडे पाहत होते, मंचव्यवस्थापक माझ्याकडे, आणि मी आभाळाकडे. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, परंतु त्या रात्रीचे आणि दुसऱ्या दिवसाचे तिकिटांचे पैसे परत करावे लागले. मंच, ध्वनिव्यवस्था, वीज, प्रवास आणि निवास यांचा खर्च मात्र एका पैशानेही कमी झाला नाही, कारण महोत्सवाचा बहुतेक खर्च पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच बांधला गेलेला असतो. ती तूट भरायला आम्हाला 3 वर्षे लागली. तेव्हापासून कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो, तिचे नाव सर्व पथकांना आधी कळवलेले असते आणि वाऱ्याचा वेग किती झाल्यावर मंच रिकामा करायचा हा आकडा मंच उभारणाऱ्या कंत्राटदाराकडून लेखी घेतलेला असतो.

खजिनदार म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद वार्षिक अंदाजपत्रक हा नाही. तो कागद म्हणजे महिनावार रोख आवक-जावकीचा तक्ता. कागदावर फायद्यात असलेला महोत्सवही महोत्सवाच्या महिन्यात कोरडा पडू शकतो: अनामत रकमा 6 महिने आधी द्याव्या लागतात, तिकिटांची मोठी विक्री शेवटच्या काही दिवसांत होते आणि अनुदानाचा अखेरचा हप्ता बहुधा अहवाल सादर केल्यानंतरच मिळतो. आपल्या दुसऱ्या वर्षाचा हिशेब या पद्धतीने पुन्हा मांडून पाहावा; आपल्याकडे खरोखर पैसा कमी होता की तो उशिरा आला, हे त्यातून कळेल. या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत. आम्ही तिकिटांच्या उत्पन्नाचा अंदाज क्षमतेच्या 60 टक्क्यांवर धरतो, त्या आकड्यात खर्च बसला नाही तर मंच कमी करतो, आणि 60 टक्क्यांच्या वर आलेल्या रकमेचा निम्मा भाग राखीव निधीत टाकतो. एका संपूर्ण महोत्सवाचा बांधील खर्च निघेल इतका निधी जमवायला आम्हाला 7 वर्षे लागली.

हा धोका केवळ लहान किंवा नवख्या महोत्सवांना असतो असे समजू नये. कॅनडातील व्हँकुव्हर लोकसंगीत महोत्सव 1978 पासूनचा. तरीही जानेवारी 2023 मध्ये वाढलेल्या खर्चाचे कारण देऊन त्याच्या संचालक मंडळाने त्या वर्षीचा महोत्सव रद्द करण्याचा आणि संस्थाच विसर्जित करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. त्यावर सभासदांनी आणि रसिकांनी विरोध केला, नव्या लोकांनी जबाबदारी घेतली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महोत्सव झाला. या घटनेतून मी एक व्यावहारिक गोष्ट घेतली, ती अशी की संस्थेला मतदानाचा अधिकार असलेले सभासद असावेत. केवळ पाच-सात विश्वस्तांची संस्था असेल तर ते थकल्याबरोबर महोत्सव संपतो आणि बाहेरच्या माणसाला दार ठोठावायलाही जागा राहत नाही.

आता कलाकारांच्या बिदागीविषयी, कारण दुसऱ्या वर्षीची तूट भरून काढण्यासाठी तिसऱ्या वर्षी ‘स्थानिक मंडळींना विनामूल्य गाऊ द्यावे’ असा विचार समितीत असल्याचे आपण लिहिले आहे. कृपया हा मार्ग घेऊ नये. अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव 1959 मध्ये सुरू झाला, मध्ये दोन वर्षे खंड पडला आणि 1963 मध्ये तो ना-नफा तत्त्वावर पुन्हा उभा राहिला. त्याच्या उभारणीत पीट सीगर आणि थिओडोर बिकेल हे गायक आघाडीवर होते. तेव्हा ठरले की नामवंत असो वा अपरिचित, प्रत्येक कलाकाराला सारखेच 50 डॉलर आणि प्रवास-निवासाचा खर्च द्यायचा, आणि जो पैसा उरेल तो लोकसंगीताच्या संकलनासाठी व जतनासाठी वापरायचा. ही कल्पना सुंदर होती आणि काही वर्षे ती चाललीही, पण ती कशामुळे चालली हे पाहावे. नामवंतांची मिळकत इतरत्र होत होती, म्हणून अल्प मानधन घेणे ही त्यांची देणगीच होती. ज्याची उपजीविका गाण्यावर किंवा वाद्य बनवण्यावर आहे त्याच्याकडून तशी देणगी मागणे म्हणजे सर्वांत गरीब माणसाला प्रायोजक करणे होय. शिवाय समान मानधनाची व्यवस्था असूनही 1969 नंतर हा महोत्सव बंद पडला आणि 1985 मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे मानधन कमी ठेवणे हे टिकण्याचे साधन तेथेही ठरले नाही.

आमची पद्धत अशी आहे. मानधन माणशी आणि दिवसागणिक ठरते, केवळ मुख्य गायकाच्या नावे ठरत नाही, कारण लोकसंगीतात साथीदार हा शोभेचा भाग नसतो. धृपद धरणारे आणि ताल राखणारे नसतील तर पुष्कळ प्रकारांत गाणे उभेच राहत नाही. वाद्यांच्या वाहतुकीचा खर्च वेगळा दिला जातो. पैसे कार्यक्रमाच्या दिवशीच पोचतात. ‘हिशेब झाल्यावर पाठवतो’ हे वाक्य आमच्याकडे निषिद्ध आहे. मोठ्या नावाच्या एखाद्या कलाकाराला अधिक द्यावे लागले तर त्याचा आकडा समितीपुढे उघड ठेवला जातो. एवढे करूनही आमचा कलाकारांवरचा खर्च ध्वनिव्यवस्था आणि मंडप यांच्या एकत्रित खर्चापेक्षा कमी असतो, आणि मला याची दरवर्षी थोडी लाज वाटते.

दुसरा मंच उभारण्याऐवजी एकाच मंचावर अधिक अर्थपूर्ण काम करता येते. कॅनडातील अनेक लोकसंगीत महोत्सवांत दिवसाच्या वेळी तीन-चार वेगवेगळ्या परंपरांचे कलाकार एकत्र बसवले जातात. पाळणे, कामाची गाणी, शोकगीते असा एखादा विषय दिलेला असतो आणि प्रत्येकजण आळीपाळीने आपल्याकडचे गाणे म्हणतो. याला मंचबदलाचा वेळ लागत नाही, ध्वनिव्यवस्था साधी पुरते, आणि कलाकार एकमेकांच्या गाण्यात शिरू लागले की रात्रीच्या मुख्य कार्यक्रमात न सापडणारे काहीतरी सापडते. उलट, जे गायन मुळात रात्रभर चालते किंवा एखाद्या विधीचा भाग असते, त्याला 40 मिनिटांच्या चौकटीत कोंबून वर ‘जरा लवकर आटपा’ अशी चिठ्ठी पाठवू नये. त्यासाठी वेगळी, लहान बैठक ठेवावी. ध्वनिचित्रमुद्रणाची परवानगीही आधी लेखी घ्यावी, आणि ते मुद्रण कोठे दाखवले जाईल व त्यातून उत्पन्न झाल्यास कोणाला मिळेल हे कलाकाराला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. गाणे पारंपरिक आहे म्हणून त्याच्या सादरीकरणावर कोणाचाच हक्क नाही, हा समज चुकीचा आहे.

स्वयंसेवकांविषयी थोडक्यात सांगते. कॅनडातील विनिपेग शहराचा लोकसंगीत महोत्सव 1974 पासून चालला आहे आणि तेथे दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक काम करतात. इतकी माणसे केवळ उत्साहावर परत येत नाहीत. पाळीची वेळ ठरलेली असावी, ती पाळली जावी, जेवण वेळेवर मिळावे आणि एखादा कार्यक्रम निवांत बसून ऐकण्याची मोकळीक असावी, एवढ्यावर लोक टिकतात. मात्र वर्षभराचे काम, म्हणजे परवाने, पत्रव्यवहार, अनुदानाचे अर्ज आणि हिशेबतपासणी, स्वयंसेवकांवर टाकू नये. आमचा पहिला पगार आम्ही नवव्या वर्षी एका अर्धवेळ कार्यवाहाला दिला. तो पहिल्याच वर्षी द्यायला हवा होता.

संस्थापकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण स्वतः संस्थापकांपैकी आहात, म्हणून हे स्पष्ट लिहिते: ज्या कामाचा तपशील केवळ आपल्या डोक्यात किंवा आपल्या फोनमध्ये आहे, ते काम संस्थेचे नाही. आमच्या घटनेत कोणत्याही पदावर सलग 6 वर्षांची मर्यादा आहे. मी खजिनदारपद सोडले तेव्हा मला वाईट वाटले. माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याने पहिल्या महिन्यातच माझ्या तक्त्यातील दोन चुका काढल्या, तेव्हा आणखी वाईट वाटले. ती मर्यादा आम्ही अजून ठेवली आहे.

आता प्रायोजक. मोठा प्रायोजक मिळणे कठीण असते, आणि तो मिळाल्यानंतर निघून जाणे त्याहून कठीण जाते, कारण त्याच्या पैशावर आपण मंच वाढवलेला असतो. एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम कोणत्याही एका स्रोताकडून घ्यायची नाही, असा नियम आम्ही केला आहे. त्यापायी एकदा चांगली रक्कम नाकारावी लागली आणि समितीत बरीच वादावादी झाली. प्रायोजकाकडे जाताना ‘आम्हाला मदत करा’ असे न म्हणता विशिष्ट गोष्ट मागावी, उदाहरणार्थ वाद्यांची वाहतूक, शाळकरी मुलांसाठीची शिबिरे किंवा एका दिवसाची ध्वनिव्यवस्था. वस्तुरूपाने किंवा सेवारूपाने मिळालेली मदत बहुतेक वेळा अधिक सहज मिळते आणि दरवर्षी टिकते. त्याचबरोबर लहान वार्षिक वर्गणी देणारे सभासद जमवावेत. महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी, गाणी कानात असताना, पुढच्या वर्षीची वर्गणी मागितली तर ती मिळते. 8 महिन्यांनी पत्र पाठवून सहसा मिळत नाही.

तिसरे वर्ष करावे, पण लहान करावे, असे माझे मत आहे: एक मंच, एक दिवस, दिवसाची एक सामूहिक बैठक आणि रात्रीचा एक मुख्य कार्यक्रम. दुसऱ्या वर्षीची तूट तिसऱ्या वर्षीच्या तिकिटांतून भरून निघेल असे गृहीत धरू नये. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्याशी बोलून ती दोन-तीन वर्षांत फेडण्याचे हप्ते ठरवावेत आणि ते हप्ते खर्चाच्या बाजूला स्पष्ट लिहावेत. आमच्याकडे महोत्सवाच्या 120 दिवस आधी एक बैठक असते. त्या दिवशी हाती आलेली आणि लेखी कबूल झालेली रक्कम बांधील खर्चाच्या ठरलेल्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर त्या वर्षी मैदान घ्यायचे नाही, हा निर्णय कोणाच्या उत्साहावर सोडलेला नाही. 14 वर्षांत एकदा त्या बैठकीत ‘नाही’ असे ठरले. कलाकारांना दिलेल्या अनामत रकमा आम्ही परत मागितल्या नाहीत. ठरलेल्या तारखेला एक लहान सभागृह घेतले, चार गायकमंडळींना पूर्ण मानधनावर बोलावले आणि ध्वनिवर्धकाशिवाय बैठक केली. दाराशी मी सभासदत्वाची वही घेऊन बसले होते, आणि त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त नावे लिहिली.