अल्सरेटिव्ह कोलायटिस असताना ओझी उचलायचं काम झेपतं का?

झेपतं, पण रोज सारखं नाही. मलाही हाच, मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार आहे आणि मी पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागेत कामाला जातो. आजार शांत असला की क्रेट उचलायला काही वाटत नाही. भडकला की क्रेटचं वजन राहतं बाजूला, संडास किती लांब आहे हीच खरी अडचण. म्हणून मुकादमाला सांगून टाकलंय, तो मला शेडजवळच्या ओळी देतो. सांगताना लाज वाटली, पण एकदाच.

अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. त्यांनी आतड्याची सूज भडकू शकते. जुलाब चालू असताना उन्हात नुसतं पाणी पुरत नाही. १ लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी पूर्ण टाकून घोट घोट प्या. थोड्या कामानेच धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, संडासवाटे रक्त जाऊन जाऊन ते उतरतं.

आणि बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन, म्हणजे या आजाराचं रोजचं औषध, मनाने बंद करू नका. मी गोडी छाटणीच्या गडबडीत केलं होतं, दिवाळी दवाखान्यात गेली.

मिसळ? आजार शांत असताना खातो, तर्री बाजूला ठेवून.