वायफाय प्रोटोकॉलचं मॉडेलिंग, यात करिअर आहे का?

नमस्कार ताई, पत्र मिळालं. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे, तासन्‌तास वायफायच्या सिक्युरिटी प्रोटोकॉलची (म्हणजे दोन यंत्रांनी सुरक्षित कसं बोलायचं त्या नियमांची) गणिती मॉडेल्स बनवत बसते आणि मिस्टरांचं म्हणणं की त्यापेक्षा एथिकल हॅकिंगचा क्लास लाव, निदान सर्टिफिकेट तरी हातात येईल. माझं स्पष्ट मत, क्लासची फी आत्ता भरू नका.

ती काय करतेय ते सांगते. फोन राऊटरला जोडताना दोघांत चार मेसेज होतात, त्यातून दोन्हीकडे सारखीच ‘की’, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली, तयार होते, डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या स्टँडर्डमधला हा फोर-वे हँडशेक. २००५ मध्ये त्याच्या सुरक्षिततेचं गणिती प्रूफ आलं, सगळे निर्धास्त. आणि २०१७ ला बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाच्या माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसन्स यांनी क्रॅक अटॅक दाखवला, म्हणजे चौथा मेसेज मध्येच अडवला की राऊटर तिसरा परत पाठवतो, फोन तीच की परत बसवतो आणि पॅकेटचे, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचे, नंबर पहिल्यापासून सुरू होतात, मग एकाच की आणि एकाच नंबरने दोन वेगळी पॅकेटं एन्क्रिप्ट होतात आणि आतला मजकूर उकलायला वाट मिळते. अँड्रॉइड ६ वर तर की चक्क सगळी शून्यं व्हायची! तरी जुनं प्रूफ चुकलेलं नव्हतं हो. की बसवण्याची पायरीच त्या मॉडेलमध्ये नव्हती, आणि स्पेकमध्येही, म्हणजे स्टँडर्डच्या लेखी नियमांतही, मेसेज कसा हाताळायचा ते होतं, नेमका कधी स्वीकारायचा ते नव्हतं. पुढे २०२० ला जर्मनीतल्या सिस्पा संस्थेच्या संशोधकांनी टॅमरिन या प्रोटोकॉल गणिताने तपासणाऱ्या टूलमध्ये हे सगळं धरून नवीन मॉडेल केलं आणि दुरुस्त डब्ल्यूपीए२ तपासला. स्पेक वाचताना काय लिहायचं राहिलंय हे दिसणं, ही नजर तिच्यात येत असेल तर ती क्लासमध्ये मिळत नाही.

नोकरीचं खरं सांगायचं तर या नावाच्या जागा आपल्याकडे कमीच. पण चिप कंपन्यांच्या फॉर्मल व्हेरिफिकेशन (डिझाइन बरोबर आहे हे गणिताने तपासणाऱ्या) टीममध्ये हीच विचार करायची पद्धत लागते, बंगळूर-हैदराबादकडे असं काम चालतं, आणि पुढे रिसर्च करायचा तर गेट देऊन आयआयटी मुंबई किंवा स्वतःची प्रवेश परीक्षा घेणारी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट बघा, जर्मनीत पीएचडीला बहुतेक वेळा पगार असतो त्यामुळे लगेच लोनचं टेन्शन घेऊ नका. लॉजिक आणि ऑटोमाटा मात्र पक्कं हवं, परीक्षेपुरतं नाही.

टॅमरिन आणि तसंच दुसरं टूल प्रोव्हेरिफ, दोन्ही फुकट आहेत. सुट्टीत तिने आधी १९७८ चा नीडहॅम-श्रोडर प्रोटोकॉल (दोघांनी एकमेकांची ओळख पटवायचा) घ्यावा, छोटा आहे आणि तरी त्यातली खोट गॅविन लोव यांनी १९९५ ला काढली, मग फोर-वे हँडशेक करावा, एकदा की परत बसवू देऊन आणि एकदा न देता. सोबत मॉडेलमध्ये काय धरलं, काय सोडलं आणि का, याची दोन पानं लिहून ठेवायची, ॲडमिशनच्या अर्जाला सर्टिफिकेटऐवजी तीच जोडायची.