पहिल्यांदाच शिकवताय? आधी एवढंच करा

मॅडम, कॉलेजात शिकवायला लागलात, अभिनंदन! आधी सोलापूर विद्यापीठाच्या साइटवरून चालू सिलॅबस आणि जुने पेपर काढा, नुसत्या सीनियरच्या नोट्सवर राहू नका, सिलॅबस बदललेला असतो आणि ते नेमकं परीक्षेच्या तोंडावर कळतं. मग लायब्ररियनला गाठून एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) लॉगिन मागा, कॉलेज मेंबर असेल तर ई-बुक्स, जर्नल्स घरबसल्या मिळतात (स्टाफरूममधल्या निम्म्या सल्ल्यांपेक्षा हा माणूस कामाचा).

- एमएला ई-पीजी पाठशाला, बीएला स्वयम (दोन्ही अभ्याससाहित्याच्या सरकारी साइट). सुरुवातीला बास.
- तासाला ५० स्लाइड नकोत, पोरं फोटो काढतात आणि ऐकणं सोडतात. फळा वापरा की.
- अक्कलकोट, मोहोळची पोरं एसटीनं येतात, उशीर होतो, त्यामुळं पहिल्या तासाची सुरुवातीची १० मिनिटं उजळणीलाच ठेवा.

मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) वगैरे पुढच्या सेमिस्टरला बघू.