घोडीच्या खुरात अळ्या सोडायच्या का? हो, पण मासळीवरच्या अजिबात नाही

बाय, तुझं म्हणणं असं की घोडी तीन आठवडे पुढचा उजवा पाय नीट टेकत नाही, नालबंदाने खूर कोरला तर काळा घाण वासाचा पू निघाला, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी पू परत येतोच, आणि आता शेजारचे सांगतायत की बांगडा उघड्यावर ठेव, माशा बसून अळ्या झाल्या की जखमेत सोड. कृपा करून हे करू नको.

अळ्यांचा उपचार खरा आहे, थोतांड नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, विल्यम बेअर नावाच्या अमेरिकन सर्जनने असे दोन सैनिक पाहिले जे सात दिवस रणात पडून होते, मांडीचं हाड मोडलेलं, जखमा अळ्यांनी भरलेल्या, पण ताप नाही आणि अळ्या धुतल्यावर खाली गुलाबी मांस. 1929 मध्ये त्याने हाड सडलेल्या पेशंटवर तेच करून बघितलं आणि गुण आला, पण काही जणांना धनुर्वात झाला कारण अळ्या स्वच्छ नव्हत्या, म्हणून मग तो अंडी निर्जंतुक करून अळ्या वाढवायला लागला. आता हे घोड्याला लावून बघ. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर दुसरं क्वचितच असेल, आणि तू बाजारातल्या माशीची अळी थेट त्याच्या खुरात सोडणार?

दुसरं म्हणजे आपल्याकडे स्क्रूवर्मची माशी आहे, तिची अळी मेलेलं नाही, जिवंत मांस खाते. गायीच्या शिंगात, कुत्र्याच्या कानात किडे पडतात आणि लोक टर्पेंटाइन नाहीतर सीताफळाचा पाला घेऊन धावतात ना, त्यात ही पण असते. अळी बघून कुठली माशी ते तुला मला कळायचं नाही.

उपचाराला वापरतात ती लुसिलिया सेरिकाटा, हिरव्या चमकदार माशीची अळी. ती रस सोडून मेलेलं मांस पातळ करते आणि शोषून घेते, त्या रसाने जंतूही मरतात. अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या रूड अँड रिडल हॉस्पिटलमध्ये डॉ. स्कॉट मॉरिसन यांनी खुराच्या आतलं हाड सडलेल्या घोड्यांवर हे बरंच वापरलंय.

मी आखातात एका तबेल्यात ग्रूम, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होतो तेव्हा एका घोड्याला खिळा घुसून असंच झालं होतं, ऑपरेशन करूनही भरेना. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, आधी नालबंदाकडून सडलेलं खूर कापून घेतलं, कारण अळी खुराचं शिंगासारखं कवच खाऊ शकत नाही, तिला मांसापर्यंत वाट करून द्यावी लागते. मग बाटलीतून अळ्या काढल्या, तिळापेक्षाही बारीक, पांढऱ्या. जखमेत ठेवून वर सैल गॉझ, आणि घोड्याच्या वजनाने चिरडू नयेत म्हणून काढता येणारी प्लेट असलेली नाल. हवा लागते त्यांना, चिखलपाण्यात बुडून मरतात, म्हणून तबेला कोरडा ठणठणीत ठेवला होता. तिसऱ्या दिवशी घोडा पाय आपटायला लागला, उघडलं तर अळ्या भातासारख्या फुगलेल्या, तपकिरी पाणी वाहतंय आणि मध्ये जिथे काळं होतं तिथे लाल, ओलसर, नवीन मांस. मला तेव्हा रडू आलं होतं, सहा आठवडे त्याचा पाय मी रोज हातात घेत होतो. त्या काढून टाकल्या आणि दुसरी खेप लावली. त्या आठवड्यात आयोडीन, पेरॉक्साइड, मोरचूद काहीच लावायचं नाही, अळ्या मरतात.

आता तुझ्या घोडीचं. आधी एक्सरे. तीन आठवडे पू येतोय म्हणजे आत कुठेतरी पोकळी राहिलीय, नाहीतर हाडाला लागलंय, आणि ते बघितल्याशिवाय अळी काय नि औषध काय, अंधारात दगड. हाडाचा मेलेला तुकडा सुटला असेल तर तो सर्जनच काढणार, अळी काढत नाही. धनुर्वाताची लस कधी झाली ते बघ, आठवत नसेल तर आजच डॉक्टरला सांग. खुराच्या वरच्या कडेला, केस सुरू होतात तिथे, सूज किंवा पू दिसला, किंवा पाय टेकायचाच बंद झाली, तर थांबू नको, त्याच रात्री डॉक्टर बोलाव. अळ्या लावायच्या ठरल्या तर त्या डॉक्टरनेच मागवून लावायच्या.

नुसता मधल्या खाचेत काळा लगदा असेल, दाबल्यावर दुखत नसेल, तर ते पावसातलं नेहमीचं थ्रश आहे, त्याला अळ्या लागतच नाहीत. रोज खूर कोरून साफ, नालबंदाकडून सुटलेलं कापून घे, आणि लाकडाचा कोरडा भुसा टाक, ओला झाला की बदल. पण तुझी लंगडतेय, त्यामुळे मला ते तेवढंच वाटत नाही.

एक्सरे झाला की खालून आणि बाजूने दोन्ही टाक इथे, नालबंदाने किती खोल कोरलंय तेही लिही.