पुस्तकातलं पात्र मेलं म्हणून मुलगी रडतेय, काळजी करायची का?

हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता एकदा नीट लिहूनच टाकते. मुलगी (किंवा मुलगा) भुताखेतांची, अंगावर काटा आणणारी फँटसी पुस्तकं वाचते, रात्री जागते, त्यातलं कोणीतरी मेलं म्हणून दोन-दोन दिवस रडते, जेवताना पण त्याच गोष्टी, हे नॉर्मल आहे का, डोक्यावर परिणाम होईल का. याचं उत्तर मी एका केसमधून सांगते, कारण त्या केसमध्ये मी स्वतः चुकले होते आणि त्या चुकीतून मला जे कळलं ते मी अजून विसरले नाहीये. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पुस्तकाचं नाव देत नाही आणि कथानकातही फेरफार केलाय.

मुलगी सतरा वर्षांची. आधी एकटी आई आली. बसल्या बसल्या सांगायला लागली, की रात्री दोन वाजता तिला मुलीच्या खोलीतून हुंदके ऐकू आले, ती धावत गेली तर मुलगी गुडघ्यात डोकं घालून रडतेय आणि म्हणतेय, "आई, तो गेला." आईच्या पायाखालची जमीन सरकली. तिला वाटलं वर्गातलं कोणीतरी, अपघात, किंवा त्याहून वाईट काहीतरी. ती विचारत राहिली कोण गेला, कसा गेला, तू कोणाबद्दल बोलतेयस, आणि दोन-तीन मिनिटांनी कळलं की कादंबरीतला मुलगा. एकतिसाव्या प्रकरणात.

"मॅडम, मी तिच्यावर इतकी ओरडले ना त्या रात्री," आई म्हणाली. "आता वाईट वाटतं, पण मी खरंच घाबरले होते हो."

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक कपाटात लपवून ठेवलं. मग काय, मुलगी फोनवर वाचायला लागली, पांघरुणाखाली. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. पुस्तक काढून घेतलं की वाचन थांबत नाही, फक्त त्याबद्दलचं बोलणं थांबतं, आणि आईबाबांच्या हातात होती नव्हती ती एकच खिडकी बंद होते. मी आईला सांगितलं की पुस्तक आजच परत द्या आणि पुढच्या वेळी मुलीला पाठवा, तिला यायचं असेल तरच.

ती आली. तोंड बंद. मी नेहमीचं सगळं विचारून घेतलं, घर, कॉलेज, मैत्रिणी, झोप, भूक, आणि जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का हेही सरळ शब्दांत विचारलं. (हा प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात तसे विचार येतात असं बऱ्याच पालकांना वाटतं, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचं बरं वाटतं त्यांना.) तसं काही नव्हतं. कॉलेज चालू होतं, मैत्रिणी होत्या, जेवण ठीक. झोपेचं मात्र वाईट होतं, त्यावर पुढे येते.

आणि इथे मी चुकले. मी धरूनच चालले होते की एवढं रडणं पुस्तकासाठी असूच शकत नाही, खाली दुसरं काहीतरी असणार, कोणीतरी सोडून गेलेलं असणार, घरात काहीतरी असणार. आमच्या कामात ही सवय लागते, दिसतं त्याच्या खाली खणायची. मी विचारलं, "तो मुलगा तुला कोणाची आठवण करून देतो का?" ती नाही म्हणाली. मी थोड्या वेळाने तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागली.

"मॅम, तो कोणाचीच आठवण करून देत नाही. तो तोच आहे. तुम्ही पण आईसारखंच करताय, फक्त हळू आवाजात."

ते वाक्य मला लागलं. कारण खरं होतं. आई म्हणत होती हे रडण्यासारखं नाहीये, आणि मी म्हणत होते की तू ज्याच्यासाठी रडतेयस असं सांगतेस त्याच्यासाठी रडत नाहीयेस. दोघींनीही तिला त्या पुस्तकाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी तिला सॉरी म्हटलं आणि म्हटलं, मग सांग, कसा आहे तो.

त्यानंतर ती चाळीस मिनिटं बोलली.

गोष्ट अशी. तळ्याकाठचं गाव आहे, आणि तळ्यात काहीतरी राहतं. ते माणसाला पाण्यात ओढून नेतं आणि मग रात्री त्याच माणसाच्या आवाजात बाकीच्यांना हाका मारतं. नायिका सोळा वर्षांची, आणि तिच्याबरोबर रात्री कंदील घेऊन गस्त घालणारा एक मुलगा. गावाला एकच नियम माहीत आहे, त्या गोष्टीला कुठलाही आवाज काढता येतो पण उजेड करता येत नाही. एकतिसाव्या प्रकरणात तो मुलगा बुडतो. तेहतिसाव्यात त्याचा आवाज तिच्या दाराबाहेरून येतो, दार उघड म्हणून, आणि दाराखाली अंधार असतो.

तिने ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. पहिल्यांदा एकतिसावं प्रकरण संपल्यावर तिने ते भिंतीवर फेकलं आणि मग उचलून त्याची माफी मागितली. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्या लावत वाचलं, पिवळ्या चिठ्ठ्या जिथे लेखिकेने आधीच इशारा दिलाय तिथे, निळ्या जिथे तो हसतो तिथे. निळ्या फक्त सात होत्या, हे सांगताना तिचा आवाज भरून आला. तिसऱ्या वेळी गावाचा नकाशा काढला. तिची एक थिअरी होती की तो मेलेलाच नाहीये, कारण नंतर तळ्यातून सगळं सापडतं, बूट सापडतात, टोपी सापडते, पण कंदिलाचा उल्लेखच नाही, आणि एवढं बारीक लिहिणारी लेखिका कंदील विसरणार नाही.

मी विचारलं, सगळ्यात भीती कुठे वाटली? मला वाटलं तळ्याचा प्रसंग सांगेल. ती म्हणाली, "नाही नाही, तो भाग वाईट आहे पण भीती नाही वाटत. भीती कधी वाटते माहितीये? तिला कळतं की हा आवाज खोटा आहे, दाराखाली अंधार दिसतोय, आणि तरी ती त्याला उत्तर देते. तिला माहीत असून ती बोलते त्याच्याशी. मी असते तर मी पण बोलले असते, आणि त्याची मला भीती वाटली."

सतरा वर्षांची मुलगी हे बोलतेय. प्रेमाच्या माणसाचा खोटा आवाजसुद्धा आपण सोडणार नाही हे तिला एका कादंबरीतून कळलं होतं, आणि आम्ही मोठी माणसं विचारत होतो की हिला झालंय काय. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

आता थोडं आमच्या विषयातलं सांगते, कारण पालकांना त्याने धीर येतो. जो आपल्याला ओळखतही नाही अशा माणसाशी एकतर्फी जवळीक वाटणं यावर डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन संशोधकांनी १९५६ साली लिहिलं, तेव्हा ते रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांबद्दल होतं, पुढे इतरांनी तीच कल्पना कथेतल्या पात्रांनाही लावली. म्हणजे हे काही आजच्या फोनमुळे झालेलं नाही. भीती आवडण्याचंही तसंच. डॉल्फ झिलमन या संशोधकाने मांडलं की भीतीने शरीर एकदा जागं झालं, छाती धडधडायला लागली, की प्रसंग संपल्यावर ते लगेच शांत होत नाही, आणि मग पुढची जी भावना येते, सुटका, आनंद, ती त्या उरलेल्या जोरावर जास्त मोठी वाटते. आणि दुःखाबद्दल म्हणाल तर दुःखावर काम करणारे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक कल्पना मांडली, ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत त्याबद्दल. ते पुस्तकातल्या पात्रांविषयी बोलत नव्हते, पण मला ती मुलगी समोर बसलेली असताना तेच आठवत होतं. रडणं दोन दिवसांत ओसरलं असतं कदाचित, "यात काय रडायचं" हे ऐकल्यावर ते तीन आठवडे लांबलं.

बरं, झोप. खरा प्रॉब्लेम तिथे होता आणि तो मी हलका करून सांगणार नाही. या वयात ८ ते १० तास झोप लागते, तिला जेमतेम ५ मिळत होती. आधी वाचन, मग फोनवर इतर फॅन लोकांनी काढलेली चित्रं आणि थिअऱ्या बघत तीन वाजायचे, आणि डोळा लागला की स्वप्न, दाराबाहेरून त्याचा आवाज. मग लाईट लावून पडून राहायचं. आईला लाईट दिसला की आई येऊन बंद करायची, मग भांडण.

वाईट स्वप्नांसाठी एक साधी पद्धत आहे, इमेजरी रिहर्सल म्हणतात तिला. दिवसा, जागेपणी, स्वप्न कागदावर लिहायचं, मग त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा, कुठलाही, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं ते बदललेलं स्वप्न डोळ्यांसमोर आणायचं. बदल काय करायचा हे मी कधीच सुचवत नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी तिला विचारलं, काय बदलशील? मला वाटलं दार पक्कं बंद करेल, किंवा पळून जाईल. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "आवाज तसाच ठेवते. फक्त दाराखाली उजेड."

मला अंगावर शहारा आला. पुस्तकाचाच नियम वापरला तिने. उजेड दिसला म्हणजे तो खोटा नाही, तो खरंच तोच आहे. ज्या पुस्तकाने घाबरवलं त्याच पुस्तकात तिला उपाय सापडला, आणि मी सोळा पुस्तकं वाचली असती तरी मला एवढं नेमकं काही सुचलं नसतं. बाकी आम्ही साधंच ठरवलं, रात्री दहानंतर हे पुस्तक नाही, हलकं काहीतरी वाच, फोन खोलीबाहेर, थिअऱ्या संध्याकाळी. ते सगळं तिने पाळलं असं नाही. फोनचं बरेच दिवस जमलं नाही. स्वप्न मात्र दुसऱ्या आठवड्यापासून कमी झालं.

आईला मी एकच काम दिलं, पुस्तक वाचा. ती म्हणाली मॅडम मला भीती वाटते असल्या गोष्टींची. मी म्हटलं मग मुलीला सांगा की भीती वाटते, आणि दिवसा वाचा. आवडलं नाही तर तसंही सांगा तिला, वाद घाला, पण वाचून घाला. आणि तोवर "हे काय वाचतेस" च्या जागी "पुढे काय झालं" एवढं विचारा.

काळजी कधी करायची, तर रडण्याकडे मी तेवढं बघत नाही. झोप तीन-चार आठवडे बिघडलेलीच आहे, माणसात येणंजाणं बंद झालंय, अभ्यास-काम पार सुटलंय, तर दाखवा कोणालातरी. ते आवडतं पुस्तकसुद्धा आता नकोसं झालंय, कशातच मन नाही, हे मला रडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण रडणाऱ्या मुलीला अजून काहीतरी आवडतंय. पुस्तकातलं आणि खरं यात गल्लत व्हायला लागली, किंवा "मला पण तिकडेच जायचंय" असं मरणाबद्दलचं बोलणं आलं, तर वाट बघू नका, त्याच दिवशी मदत घ्या. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल, किंवा मुलाने खरोखरचं काही भयंकर सोसलं असेल, तर अशी पुस्तकं काही दिवस बाजूला ठेवायला हरकत नाही, मात्र ठरवताना त्याला विचारून ठरवा. अगदी लहान मुलांचं वेगळं, त्यांना हे नकोच.

पाचव्या भेटीला दोघी एकत्र आल्या. आई म्हणाली, बारा प्रकरणं झाली, आणि उजेडाचा तो नियम वाचल्यापासून ती रात्री मुलीच्या खोलीबाहेरचा लाईट चालू ठेवते. मुलीला तिने काही सांगितलं नव्हतं. मुलीने पण विचारलं नव्हतं, फक्त स्वतःच्या खोलीतला लाईट बंद करून झोपायला लागली होती.

त्यानंतर महिन्याभराने मुलगी शेवटची येऊन गेली. सांगत होती, आई रविवारी दुपारी एकतिसाव्या प्रकरणाला पोचली. हिला माहीत होतं, कारण पिवळी चिठ्ठी लावलेलं पान उलटताना दिसलं. ही काही बोलली नाही, जाऊन नुसती शेजारी बसली. आईने प्रकरण संपवलं, पुस्तक मिटलं, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली आणि मग म्हणाली, "कंदील कुठे गेला गं त्याचा?"